इफिसकर त्रफिम आणि चाकणचे आमचे तरुण

वाचनासाठी: प्रेषितांची कृत्ये २०:१-६ व २१:२७-४०, करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८.

प्रेषितांच्या कृत्यांच्या एकविसाव्या अध्यायात एक दंगा वर्णिला आहे. यरुशलेमेत मंदिराच्या आवारात लोकांनी पौलाला धरले, त्याला बाहेर ओढले, दारे लावून घेतली, आणि ते त्याचा जीव घेऊ पाहत होते. इतक्यात रोमी पलटणीचा सरदार शिपायांसह धावून आला. गर्दी एवढी की शिपायांना पौलाला उचलून पायऱ्यांवरून न्यावे लागले. सरदाराला वाटले की, हा तो मिसर देशाचा बंडखोरच असावा. तेव्हा पौलाने त्यास सांगितले की, आपण यहूदी असून किलिकियातील तार्स नगराचे नागरिक आहोत, आणि ते नगर काही ऐरेगैरे नव्हे.

या उत्तरावर पुष्कळांनी उपदेश केले आहेत. परंतु दंगा झाला कशावरून हे आपण सहसा लक्षपूर्वक वाचत नाही. एकोणतिसाव्या वचनात त्याचे कारण दिले आहे. त्रफिम नावाचा इफिस गावचा एक परका मनुष्य पौलाबरोबर शहरात हिंडताना काही लोकांनी पाहिला होता, आणि पौलाने त्याला मंदिरात आणले असेल असा त्यांनी तर्क केला. मंदिरात त्याला कोणी पाहिले नव्हते. शहरात पाहिले एवढेच खरे होते. बाकी सर्व तर्क. तेवढ्या तर्कावर सारे नगर खवळले.

वाचकहो, ही गोष्ट आपल्याकडे घडत नाही असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा गावी पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी आवई त्या दिवसांत मोबाइलवरून घरोघर फिरत होती. त्या पाच जणांनी कोणाचे मूल नेले नव्हते. ते परके होते आणि बाजाराच्या दिवशी गावात दिसले, एवढाच त्यांचा अपराध. जमावातील कित्येकांच्या हाती जे यंत्र होते ते जगाच्या कोणत्याही टोकाशी क्षणात बोलणे करून देणारे होते. त्याच यंत्राने शेजारच्या जिल्ह्यातील माणूसही त्यांस ओळखू येऊ नये असे केले.

हे सर्व मनात येण्याचे कारण असे की, अलीकडे शाळांतून व सभांतून ‘तरुणांना जगाचे जबाबदार नागरिक करावे’ हे वाक्य वरचेवर कानी पडते. आमच्या उपदेशक बंधूंपैकी काहींना ते शहरी, सुखवस्तू लोकांचे बोलणे वाटते. इंग्रजी येणारा, विमानाने जाणारा, परदेशात नोकरी मिळविणारा तो जगाचा नागरिक, आणि आमच्या मंडळीतला मुलगा तालुक्याच्या गावी शिकून कारखान्यात लागला तर त्याचा जगाशी काय संबंध, असे ते विचारतात. ज्याला आपल्या मंडळीतील तरुण हल्ली कोठे जातात हे ठाऊक आहे, त्याने हा प्रश्न विचारू नये. ते चाकणला जातात.

एके काळी चाकण म्हटले की कांद्याचा बाजार आठवे, आणि ज्याला इतिहासाची गोडी असेल त्याला संग्रामदुर्गाचा भुईकोट आठवे, जो फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाच्या मोठ्या फौजेपुढे दिवसच्या दिवस लढविला. आज त्या परिसरात बजाज, महिंद्र, मर्सिडीज यांचे कारखाने उभे आहेत. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचा कारखाना २००९ साली तेथे सुरू झाला, आणि त्यातून निघालेल्या मोटारी मेक्सिकोपर्यंत गेल्या. नगर, जालना, सोलापूर या भागांतील खेड्यांतून आयटीआयचा दाखला खिशात घालून गेलेला मुलगा तेथे उभा राहून ज्या गाडीचे नट आवळतो, ती गाडी ज्या रस्त्यावर धावणार तो रस्ता त्याने स्वप्नातही पाहिलेला नसतो. त्याचा हात ढिला पडला तर हजारो कोसांवर एखादे कुटुंब अपघातात सापडेल. तेव्हा आमच्या मुलांचा जगाशी संबंध यावा की न यावा हा प्रश्न आता उरलेलाच नाही. तो आलेला आहे. ती मुले त्या संबंधास योग्य अशी मने घेऊन जातात काय, एवढेच आपण विचारावयाचे आहे.

म्हाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी या गावांतून भाड्याच्या खोल्यांच्या लांबच लांब रांगा आहेत. एका खोलीत चार-पाच जण, पाळीपाळीने कामावर जाणारे व पाळीपाळीने झोपणारे. एका खोलीत आमचा जालन्याचा मुलगा, पलीकडे बिहारचा, त्याच्या पलीकडे ओडिशाचा, समोर उत्तर प्रदेशातला. रात्री एकच नळ. पौलाच्या वेळी इफिस व करिंथ ही बंदरे जशी होती तशीच ही वस्ती आहे. शब्बाथशाळेत आम्ही नकाशावर बोट ठेवून जी राष्ट्रे दाखवितो, त्यांची मुले तेथे एका पडवीत कपडे वाळत घालतात. आमचा मुलगा वर्षभर तेथे राहतो आणि शेजारच्या खोलीतील माणसाचे नाव त्यास ठाऊक नसते. ‘तो भैया’ एवढीच ओळख. त्रफिमाचे नाव तरी त्या जमावाला ठाऊक होते.

येथे कोणी रागाने म्हणेल, ‘परप्रांतीयांमुळे आमच्या मुलांस नोकरी मिळत नाही हे तुम्हांस दिसत नाही काय?’ दिसते. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या त्यांच्या मुलांना कंत्राटदाराच्या दारात उभे राहावे लागते, कायम नोकरी लागत नाही, काही महिन्यांनी कामावरून काढून पुन्हा नव्याने घेतात, ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती खरी आहे, आणि ती मांडण्यास आमच्या तरुणांनी भिऊ नये. परंतु ती कोणापुढे मांडावयाची? मजुरी ठरविणारा एक असतो आणि शेजारच्या खोलीत झोपणारा दुसरा असतो. ओडिशाचा मुलगा कमी मजुरीवर राबतो तो आमच्या मुलाचे वैर म्हणून नव्हे. त्याच्यामागे म्हातारी आई आहे आणि जास्त मागितल्यास उद्या काम राहणार नाही म्हणून. दोघांनी एकत्र येऊन मागणे केले तर मालकाला ऐकावे लागेल. दोघे एकमेकांची डोकी फोडू लागले तर ज्याचा फायदा व्हावयाचा त्याचा होतो. खरे तर आमचा जालन्याचा मुलगाही चाकणकरांच्या दृष्टीने बाहेरगावचाच. खोली देताना घरमालक त्याचे आडनाव विचारतो, आणि आडनाव ऐकून त्याची मुद्रा कशी पालटते हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. मोशेच्या नियमशास्त्रात, लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात, परदेशीयावर प्रीती करण्याची आज्ञा दिली तेव्हा देवाने इस्राएल लोकांना नेमकी हीच आठवण करून दिली की, तुम्हीही मिसर देशात परके होता.

२०२० सालच्या टाळेबंदीत या आज्ञेची परीक्षा झाली. मार्चच्या अखेरीस कारखाने एका रात्रीत थांबले, आणि त्या खोल्यांतील माणसांना पगारही नाही व गाडीही नाही अशी वेळ आली. हजारो लोक पायी निघाले. त्या वर्षी ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ काय घडले हे औरंगाबाद-जालना भागातील आमच्या वाचकांस कधी विसरता येणार नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर रुळांच्या कडेने भुसावळकडे चालले होते. थकून ते रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण मेले. त्यांच्या शिदोरीच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या छायाचित्रात सर्वांनी पाहिल्या. ते जेथून निघाले व जेथे मेले त्या वाटेवर गावे होती. गावांत देवळे होती, मशिदी होत्या, उपासनामंदिरेही होती. काही गावांनी वाटसरूंना जेवू घातले, हेही खरे. काही गावांनी वेशीवर काटे टाकले. आपल्या शब्बाथशाळेत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट दरवर्षी शिकविली जाते. ती शिकविताना यरीहोच्या वाटेऐवजी करमाडची वाट सांगितली तर मुलांना ती अधिक समजेल असे आम्हांस वाटते.

परक्यावर उपकार म्हणून प्रीती करावी, असा मात्र याचा अर्थ कोणी करू नये. आम्ही देणेकरी आहोत, आणि हे देणे किती मोठे आहे ते पाहण्यास पिंपरीस जावे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली तेव्हा सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीस वसली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९५४ मध्ये, तेथे सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा कारखाना काढला, आणि १९५५ पासून औषध तयार होऊ लागले. हे औषध आले कोठून? १९२८ साली लंडनच्या एका रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग या स्कॉटिश डॉक्टरास एका बशीत बुरशी वाढलेली दिसली, व तिच्या भोवतीचे रोगजंतू मेलेले दिसले. पुढे दहाबारा वर्षे त्याचे औषध होईना. मग ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या मनुष्याने व अर्न्स्ट चेन या यहूद्याने ते काम हाती घेतले. चेन हा बर्लिनचा. १९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता गेल्यावर देश सोडून इंग्लंडात आश्रयास आलेला. तेथील कोणी ‘हा परका, याला आमच्या प्रयोगशाळेत जागा कशाला’ असे म्हणून त्याला परत घालविले असते तर! पुढे हे काम युद्धकाळात अमेरिकेत गेले, आणि पिओरिया नावाच्या शहरी बाजारातील एका सडक्या खरबुजावर जी बुरशी सापडली तिच्यापासून पेनिसिलिन विपुल निघू लागले. पिंपरीच्या कारखान्यास जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री देऊन साह्य केले. तो कारखाना पुढे अडचणीत आला हे आम्हांस ठाऊक आहे. त्याची कथा निराळी. परंतु ज्या दिवसांत न्यूमोनिया झालेले मूल देवाच्या हवाली करावयाचे एवढेच आईच्या हाती असे, ते दिवस मागे पडले. त्यात एका स्कॉटिशाचा, एका ऑस्ट्रेलियनाचा, एका निर्वासित यहूद्याचा, आणि पिओरियाच्या त्या खरबूजवाल्याचाही वाटा आहे. आमच्या मंडळीतील ज्या आजीबाईंचा मुलगा तापातून वाचला तिला यांतले एकही नाव ठाऊक नाही, आणि तिचे नाव त्यांना ठाऊक नव्हते.

आणखी जुने एक देणे सांगतो. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळात नगर जिल्ह्यातील व गुजरातेतील गावेच्या गावे उपाशी मरत होती. त्या वेळी अमेरिकेतील ख्रिश्चन हेराल्ड या साप्ताहिकाने आपल्या वाचकांपुढे मदतीचे मागणे ठेविले, आणि १९०० साली मका भरलेले क्विटो नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईस आले. देणारे सगळेच श्रीमंत नव्हते. शब्बाथशाळांतील मुलांचे सेंटही त्यात होते. ज्यांच्या पणज्या-आज्यांनी तो मका दळला त्यांचे वंशज आज आमच्या मंडळ्यांत बसतात. हे मुलांस सांगावे. मात्र ‘गोऱ्या लोकांनी आम्हांस जगविले’ असे सांगू नये. पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी तेथील शाळा, स्त्रियांच्या संस्था व लोकांचे एकत्र काम करण्याचे सामर्थ्य यांची मोकळ्या मनाने स्तुती केली आहे, आणि तेथील काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या अन्यायी वागणुकीबद्दल दोषही दिला आहे. उपकार मानावे आणि डोळेही उघडे ठेवावे. रमाबाईंस हे साधले, आणि आमच्या मुलींना ते साधावे अशी आमची इच्छा आहे.

आता देणे फेडण्याचा मार्ग. येथे पुन्हा आपणांस त्रफिमाकडे गेले पाहिजे. हा मनुष्य यरुशलेमेत आला होता कशाला? विसाव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. पौलाबरोबर कित्येक जण निघाले होते: बिरुयाकर सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख व सकूंद, दर्बेकर गायस, तीमथ्य, आणि आशियातील तुखिक व त्रफिम. यहूदीयातील गरीब भावांसाठी निरनिराळ्या गावच्या मंडळ्यांनी जी वर्गणी जमविली होती, ती पोहोचविण्यास हे लोक निघाले असावेत असे शास्त्राचे अभ्यासक मानतात. ज्यांच्यासाठी ती होती त्यांना या मंडळ्यांनी कधी पाहिले नव्हते. भाषा निराळी, जेवणाचे नियम निराळे. करिंथकरांस लिहिताना पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांविषयी सांगतो की, त्या स्वतः दारिद्र्यात असूनही त्यांनी शक्तीपलीकडे दिले आणि देऊ द्या म्हणून विनविले. ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावे हे जगही सांगते. दरिद्री मंडळ्यांनी परदेशच्या दरिद्र्यांस द्यावे ही कल्पना मात्र जगाला नवी होती.

याच पत्रात एक बारीकशी गोष्ट आहे आणि ती आमच्या मंडळ्यांच्या खजिनदारांनी अवश्य वाचावी. पैसे पोहोचविण्याच्या कामात कोणी बोट दाखवू नये म्हणून पौल एकटा ते पैसे नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेले विश्वासू लोक बरोबर घेतो, आणि देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख असावा असे लिहितो. जबाबदार नागरिक घडविण्याची पहिली शाळा म्हणजे मंडळीच्या हिशेबाची वही. जेथे ती वही तीन वर्षे कोणी पाहिलेली नाही, तेथे तरुणांपुढे जगाच्या गोष्टी बोलण्यात फारसा अर्थ नाही. आणि ज्या तरुणाला जगाविषयी मोठा कळवळा आहे, परंतु जो आपल्या गावच्या ग्रामसभेला कधी गेला नाही, त्याच्यावरही आमचा भरवसा कमीच. पौलाने आपले तार्स नगर अभिमानाने सांगितले, हे ध्यानात धरावे.

या विषयात मुलांना शिकविण्यास पुस्तकाहून चांगले साधन देवाने आपल्याजवळ दिले आहे. ते म्हणजे नदी.

इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते. देहूस येते, जेथे तुकोबा राहिले. पुढे तळवडे, चिखली, मोशी या कारखान्यांच्या व दाट वस्तीच्या भागातून वाहते; तिच्या एका अंगास पिंपरी-चिंचवड, दुसऱ्या अंगास चाकण. मग आळंदी. ज्या ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशास ग्रंथ पूर्ण करताना शेवटी सर्व विश्वासाठी मागणे मागितले, आपल्या पंथासाठी किंवा प्रांतासाठी मागितले नाही, त्यांची समाधी याच नदीच्या काठी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना संतांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याचे वाटे, हे आमच्या जुन्या वाचकांस माहीत आहे. त्या आळंदीच्या घाटावर अलीकडील कित्येक वर्षे नदीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. दुरून पाहणाऱ्यास बर्फ वाटावा असा. कारखान्यांचे रासायनिक पाणी व वस्त्यांचे न शुद्ध केलेले सांडपाणी मिळून तो होतो. वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात.

पण नदी आळंदीस थांबत नाही. तुळापुरास ती भीमेस मिळते. पवनेचे पाणी मुळेतून, मुळा-मुठेतून पुढे भीमेतच जाते. भीमा उजनी धरणात साठते. ते धरण १९८० साली पुरे झाले. तेच पाणी सोलापूर शहर पिते, आणि सोलापूर जिल्ह्यातील ऊस व डाळिंबेही पितात. धरणाखाली पंढरपूर. पुढे भीमा कर्नाटकात शिरते, रायचूरच्या बाजूस कृष्णेला मिळते, आणि कृष्णा तेलंगण व आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते.

आता विचार करा. चाकणच्या एखाद्या लहान कारखान्यात रात्रपाळीस असलेल्या आमच्या मुलास मुकादम सांगतो की, टाकीतले पाणी ओढ्यात सोड, कोणी पाहत नाही. मुलगा सोडतो, न सोडील तर उद्या काम जाईल. ते पाणी काही दिवसांनी कोण पितो? सोलापुरातील त्याची मावशी. मावशीच्या पलीकडे कर्नाटकातील एक शेतकरी, ज्याची भाषा त्यास येत नाही. त्याच्याही पलीकडे आंध्रच्या किनाऱ्यावरील कोळीण. ‘माझा शेजारी कोण’ हा प्रश्न प्रभूला विचारणाऱ्या शास्त्र्यास जे उत्तर मिळाले, तेच उत्तर ही नदी देते, आणि ती कोणाची जात, भाषा वा राज्य पाहत नाही. आम्ही त्या मुलास एवढेच सांगून गप्प बसत नाही की, तू काम सोड. तो गरीब आहे, आणि आम्ही त्याचे भाडे भरणार नाही. परंतु त्याने एकट्याने हे ओझे वाहू नये यासाठी मंडळी काय करील? पाळकाला तो हे सांगू शकेल काय? प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करावयाची झाल्यास त्याचे नाव पुढे न येता ती लिहून देणारी चार वडील माणसे मंडळीत आहेत काय? नसतील, तर आपण त्या मुलास जबाबदारी शिकवितो म्हणजे नुसते भय शिकवितो.

तळवड्याचे नाव वर आले. तेथे ८ डिसेंबर २०२३ रोजी एका लहानशा कारखान्यास आग लागून तेथे राबणाऱ्या कित्येक स्त्रिया जळून मेल्या. त्या काय बनवीत होत्या? वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या. आमच्या गावांतूनही हल्ली मुलांचे वाढदिवस केक कापून साजरे होतात, आणि त्यावर अशी मेणबत्ती लावण्याची हौस सर्वांस आहे. त्या हौसेला दोष देऊन आम्ही मुलांचा आनंद हिरावून घेऊ इच्छीत नाही. परंतु बाजारातून आणलेल्या वस्तूमागे कोणाचे तरी हात आहेत, ते हात सुरक्षित आहेत काय, हे विचारण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे. कारखान्यात लागणाऱ्या मुलामुलींस आमचे सांगणे असे की, पहिल्या दिवशी दोन गोष्टी पाहून ठेवाव्या: बाहेर पडण्याचे दुसरे दार कोठे आहे, आणि ते उघडते की नाही. कुलूप असेल तर सोबत्यांना सांगावे, सोबत्यांसह वरच्यांना सांगावे. बिहारहून आलेल्या मुलीला मराठी पाटी वाचता येत नसेल तर तिला ती वाचून दाखवावी.

उपदेशक बंधू विचारतील की, हे सर्व शिकवावे कसे, आमच्याजवळ ना नकाशे ना पुस्तके. आम्ही म्हणतो, अंगणात खडूने नदी काढा. डोंगरापासून समुद्रापर्यंत. मुलांपैकी एकास देहू करा, एकास चाकण, एकास आळंदी, एकास सोलापूर, एकास रायचूर. तांब्याभर पाण्यात वरच्या टोकाच्या मुलाकडून थोडी माती टाकवा आणि तांब्या हातोहात खाली जाऊ द्या. शेवटचे मूल पाणी पाहून तोंड वाकडे करील. मग शास्त्र उघडा. दुसऱ्या एखाद्या रविवारी, चाकणहून सुटीवर आलेल्या तरुणास पुढे उभे करून त्याच्या खोलीच्या रांगेत कोण कोण राहते ते विचारा, प्रत्येकाचे नाव व गाव. त्यास सांगता आले नाही तर त्यास सर्वांसमक्ष लाजवू नका; पुढच्या खेपेस सांग म्हणावे. नाताळात त्या नावांसाठी प्रार्थना करा. मोबाइलवर कोणाविषयी भयंकर वार्ता आली, तर ती पुढे पाठविण्याआधी ‘हे मी पाहिले काय, की तर्क करितो’ असे विचारण्याचा नियम तरुण संघाने करावा. खोटी साक्ष न देण्याची आज्ञा बोटांनाही लागू आहे. आणि वर्षातून एक वर्गणी अशी काढावी की, जी आपल्या मंडळीत, आपल्या जिल्ह्यात खर्च होणार नाही. पूर, भूकंप, दुष्काळ जगात कोठे ना कोठे असतोच. रक्कम लहान असेल. पोहोचल्याची पावती वर्गात वाचून दाखवावी.

त्रफिमाची शेवटली वार्ता तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस सापडते. पौल तुरुंगात आहे, थंडीसाठी झगा मागवीत आहे, आपला अंत जवळ आला हे त्यास कळले आहे. त्या घाईच्या चार ओळींत तो कळवितो की, त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मिलेतास मागे ठेवावे लागले. ज्या परक्यासोबत शहरात हिंडल्यामुळे त्याला मार बसला व बेड्या पडल्या, त्याच्या आजारपणाची खबर तो बेड्यांतून देतो. चाकणच्या खोल्यांतून हिवतापाने, डेंग्यूने किंवा यंत्रात हात सापडून पडलेला असा एखादा त्रफिम आज कोठे ना कोठे असेल, आणि त्याच्या घरी ओडिशात अजून कोणी कळविले नसेल. पलीकडच्या खोलीत आमचा मुलगा आहे, त्याच्याजवळ मोबाइल आहे.